शेकड्याने ल्यूर बनवले, आता ठेवायचे कसे?

ल्यूर, म्हणजे मासा फसवायचं नकली आमिष, बनवायला लागलं की हात थांबत नाही. सुरुवातीला मरळीसाठी चार फ्रॉग (बेडकाच्या आकाराचे ल्यूर), मग शिवड्यासाठी दोन मोठे लाकडी मासे, मग कुणीतरी प्लास्टिसॉलचा कॅन आणि साचा आणतो आणि एका रविवारी शंभरेक रबरी शेपट्या ओतून तयार होतात. हतनूरच्या किंवा गिरणेच्या पाण्यात यातल्या किती पडणार? फार थोड्या. बाकी सगळा माल पेटीत पडून राहतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ल्यूर माशाच्या दातांनी कमी आणि पेटीत जास्त मरतात.

खानदेशचं हवामान या बाबतीत दोन्हीकडून मारतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या लोखंडी पेटीत तर त्याहून पुष्कळ वर. मग पाऊस सुरू झाला की मिठाच्या बरणीला पाणी सुटायला लागतं. उन्हाळ्यात रबर चिकटतं, रंग सुटतो, लाकूड तडकतं. पावसाळ्यात गळ गंजतात आणि पिसांना बुरशी धरते. मुंबई-कोकणातली मंडळी साठवणीचे सल्ले देतात ते खाऱ्या हवेचे असतात, ते चुकीचे नाहीत, पण आपल्याला आधी उन्हाचा बंदोबस्त करायचा आणि मग गंजाचा.

खाली जो क्रम दिलाय तो तसाच धरा. पहिल्या दोन पायऱ्या गाळून महागडा डबा आणला तर पैसे पाण्यात.

पायरी १: पूर्ण वाळल्याशिवाय काहीच बंद करू नका

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतून पक्कं होणं वेगळं. दोन ट्यूबमधलं इपॉक्सी नीट सारख्या मापाने मिसळून लावलं तर दिवसभरात कडक लागतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो. थंडीत, धुळ्याकडे रात्री पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा, आणखी वेळ द्या. घाईत बबल रॅपमध्ये गुंडाळलेला मासा महिन्याने काढला की अंगभर गोल गोल ठसे दिसतात. वर्तमानपत्रात गुंडाळला तर पोटावर बातमी उलट्या अक्षरांत छापून येते. ऑइल पेंट तर इपॉक्सीपेक्षाही आळशी, त्याला दोन आठवडे दिले तरी जास्त होत नाहीत.

वाळत घालायला दोन खिळ्यांमध्ये जीआय तार ताणा आणि नाकाच्या कडीतून ल्यूर एकमेकांना न लागतील असे टांगा. जागा हवेशीर हवी, पण सावलीतली. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं आणि लाकूड एका अंगाने आकसतं.

सिलिकॉनचे ल्यूर बनवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. खिडकीच्या काचेला लावतात ते हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. तो वास म्हणजे ॲसेटिक आम्लाची वाफ. वास असेपर्यंत असे ल्यूर बंद डब्यात गेले तर शेजारच्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेल्या गळावर, पांढरी भुकटी धरते आणि गळांना गंज चढतो. तपासायची सोपी रीत: एक ल्यूर रात्रभर झाकणाच्या छोट्या बरणीत ठेवा, सकाळी झाकण उघडताच नाक लावा. आंबूस वास आला तर अजून टांगूनच ठेवा.

पायरी २: रंगाने नाही, साहित्याने वेगळे करा

नवखा माणूस हमखास माशाप्रमाणे डबे लावतो: हा मरळीचा, हा शिवड्याचा. पाण्याकाठी ते सोयीचं आहे, घरातल्या साठवणीत ते घातक आहे, आणि याचं कारण समजून घेतलं की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि ती मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात. ओतून थंड केल्यावरही हे द्रव्य आत स्वस्थ बसत नाही, हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्याला टेकलं त्याच्यात शिरतं. उष्णता वाढली की वेग वाढतो. रबरी शेपटी रंगवलेल्या लाकडी माशाला टेकून महिनाभर उन्हाळ्यात राहिली की टेकल्या जागी रंग लोण्यासारखा बोटाला येतो. नेलपॉलिशने काढलेले डोळे आणि ठिपके सगळ्यात आधी जातात. बाजारातले कडक प्लास्टिकचे ल्यूरही यातून सुटत नाहीत, त्यांचं अंग चिकट होतं आणि खड्डे पडतात.

त्यामुळे प्लास्टिसॉलचे सगळे एकीकडे. हल्ली टीपीई नावाच्या खूप ताणल्या जाणाऱ्या रबराचे ल्यूर मिळतात. ते आणि प्लास्टिसॉल एका पिशवीत ठेवले तर दोघं मिळून एक गोळा होतो, जो कशानेही सुटत नाही. म्हणून टीपीई वेगळं. सिलिकॉन वेगळं. रंगवलेलं लाकूड आणि कडक प्लास्टिक एकत्र चालेल. फोमचे फ्रॉग वेगळे. शिसं, चमच्याच्या आकाराचे धातूचे ल्यूर आणि फिरत्या पात्याचे स्पिनर वेगळे. पिसं-केसांचं काम अगदी वेगळं, त्याचे शत्रूच निराळे.

प्लास्टिसॉलमध्ये मात्र रंगाचीही वाटणी करावी लागते. लाल आणि काळा रंग उतरतात. पांढऱ्या किंवा पोपटी शेपट्यांसोबत ठेवले तर पांढऱ्याचा गुलाबी होतो, आणि तो रंग परत निघत नाही. एका रंगाला एक झिप पिशवी, सोबत मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे चार थेंब टाकून पिशवी चोळा, म्हणजे शेपट्या एकमेकींना चिकटत नाहीत. सिलिकॉनला तेल नको, चिमूटभर टाल्कम पावडर पुरते.

शेपट्या पिशवीत सरळ ठेवा. कोंबलेली शेपटी वाकडीच राहते आणि पाण्यात एका बाजूला फिरते. वाकलीच असेल तर उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका. भांडं यासाठी वेगळं ठेवा, चहाचं पातेलं नको.

पायरी ३: डबा उलटा करून बघा

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे प्रकार. हे तिन्ही रबरी ल्यूरना चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ते चालत नाही. आकडा नसेल तर दाबून बघा: पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधट असतं आणि वाकतं, पॉलिस्टायरिन काचेसारखं स्वच्छ, टिचकी मारली की खणखणतं आणि वाकवलं की कडकन तुटतं. कटलरीच्या दुकानात मणी-टिकल्यांसाठी मिळणारे स्वस्त पारदर्शक खणांचे डबे बरेचदा असेच असतात. त्यात जिग ठेवा, स्पिनर ठेवा, रबर ठेवू नका.

तरीही खात्री नसेल तर डब्यात एकच ल्यूर टाकून तो आठवडाभर घरातल्या गरम जागी ठेवा. उचलल्यावर खाली तेलकट धूसर डाग किंवा खड्डा दिसला तर तो डबा रबरासाठी बाद.

पायरी ४: गळ काढा

ल्यूर दहा-वीस असतील तोवर गळासकट ठेवलेले चालतात. शंभरावर गेले की गळ काढून ठेवणं हाच एक शहाणपणाचा मार्ग आहे. तिहेरी गळ डब्यात फिरत राहतात, टोकं रंगाला ओरखडे पाडतात, त्या ओरखड्यातून पाणी लाकडात शिरतं आणि लाकूड फुगून इपॉक्सीला तडा जातो. शिवाय एक गळ गंजला की त्याचा गंज शेजारच्या दहांना लागतो. स्प्लिट रिंग, म्हणजे गळ अडकवलेली दुहेरी वेढ्याची कडी, उघडायची चिमटीसारखी पक्कड घ्या, लाकडी मासे बिनगळाचे ठेवा, आणि पाण्यावर निघायच्या आदल्या रात्री लागतील तेवढ्यांनाच गळ चढवा. यात आणखी एक फायदा आहे. मुलांचा हात चुकून डब्यात गेला तरी रक्त निघत नाही.

ज्यांचे गळ निघत नाहीत, म्हणजे जिग आणि फ्रॉग, त्यांच्यासाठी आपल्याकडे फुकटचा माल आहे: ठिबकच्या नळ्या. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून बदललेल्या लॅटरलची वेटोळी बांधावर पडलेली असतात. १६ मिलिमीटरच्या नळीचा बोटभर तुकडा कापा, एका बाजूने उभी चीर द्या आणि मोठ्या गळावर चढवा. जिगच्या बारीक टोकांना मायक्रो ट्यूबचा सेंटिमीटरभर तुकडा टोपीसारखा बसतो. ही नळी पॉलिथिनची असते, त्यामुळे रबरालाही त्रास नाही. फक्त वापरण्याआधी आतला क्षार आणि खताचा थर धुऊन पूर्ण वाळवा, खताचे क्षार गळाला पाण्याहून वाईट.

गळ साठवताना शिवणयंत्राच्या तेलात बोट बुडवून हलकासा हात फिरवला तरी भागतं. निथळेपर्यंत तेल नको.

पायरी ५: प्रत्येकाची तऱ्हा

*लाकडी मासे.* पांगारा किंवा सावरीचं हलकं लाकूड वापरलं असेल तर त्यावर वजन पडू देऊ नका. मोठ्या संख्येसाठी मला सगळ्यात पटलेली सोय ही: केळी भरायचा प्लास्टिक क्रेट घ्या आणि त्यात पीव्हीसी पाइपचे ल्यूरच्या लांबीपेक्षा थोडे मोठे तुकडे उभे दाटीने बसवा. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा पाइप बहुतेकांना पुरतो, आणि पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे तुकडे पडलेलेच असतात. प्रत्येक नळीत एक मासा, डोकं वर. कोणी कोणाला घासत नाही, वरून नजर टाकली की कुठला कुठे ते कळतं. कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर त्याच रंग खरवडतील. या पाइपमध्ये रबरी ल्यूर मात्र ठेवू नका, पाइपही पीव्हीसीचा आहे आणि प्लास्टिसायझर त्यालाही मऊ करतो.

घरात कापूस आहे म्हणून क्रेटच्या तळाला कापूस अंथरायचा मोह होईल. नको. कापूस ओल धरतो आणि कड्यांमध्ये, रिंगांमध्ये असा गुंततो की सोडवता सोडवता रविवार जातो.

*फोमचे फ्रॉग.* जुन्या स्लिपरच्या तळव्यातून कापलेला फ्रॉग स्वस्त आणि मस्त तरंगतो, पण दारात उन्हात राहिलेली चप्पल कशी आकसून कडेने वळते ते सगळ्यांनी पाहिलंय. फ्रॉगचंही तेच होतं. त्यातून त्याच्यावर ओझं ठेवलं की पडलेला चपटेपणा परत भरून येत नाही. एकच थर, वर काही नाही, आणि घरातली गारातली गार जागा. पायांना रबरी झालर लावली असेल तर ती मोकळी सोडा, दुमडू नका.

*शिसं आणि धातू.* प्लायच्या नव्या खणात उघडं शिसं ठेवू नका. प्लाय आणि काही लाकडं आम्लाची वाफ सोडतात, तिने शिशावर पांढरी भुकटी येते. ती विषारी आहे. फुंकर मारू नका, झटकू नका, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. रंग दिलेलं शिसं बरंच सुरक्षित. शिशाचा डबा स्वयंपाकघरात येता कामा नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

पितळी-तांब्याच्या पात्यांचे स्पिनर रबर बँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने पातं काळवंडतं, आणि उन्हाळ्यात बँड वितळून त्यावर चिकटतो ते निराळंच. सुती दोरा वापरा.

*पिसं आणि केस.* कोंबड्याच्या मानेची पिसं, बकऱ्याचे केस यांना कसर लागते. आधी पिसं नीट धुऊन वाळवा. मग हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. घरातल्यांशी बोलून घ्या, मटार आणि कोंबड्याची मान एका कप्प्यात कुणाला आवडत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पिसांवर दव धरतं. डांबर गोळ्या बरेच जण टाकतात. गोळीची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते, थर्माकोलला खाते, म्हणून ज्या डब्यात थर्माकोलचं डोकं किंवा स्वस्त पारदर्शक प्लास्टिक आहे तिथे गोळी नको. वेखंडाचा तुकडा ठेवा, किडे दूर राहायला मदत होते आणि वासही बरा.

पायरी ६: जागा

पत्र्याखालचा माळा नको. गाडीची डिक्की नको, बंद गाडीत उन्हात जे तापतं त्यापुढे पेटी काहीच नाही. गच्चीवरच्या खोलीची पश्चिमेची भिंत नको, ती रात्री दहापर्यंत धगधगते. अजून धाब्याचं घर असेल तर नशीबवान आहात. मातीच्या जाड भिंतीतला कोनाडा किंवा आतल्या खोलीतलं फडताळ यापेक्षा गार जागा खानदेशात कूलर लावूनही मिळत नाही. कूलरची आठवण निघालीच आहे तर त्याच्या समोर पेटी ठेवू नका. गार वाटतं, पण ती सगळी ओली हवा असते. स्लॅबच्या घरात खाली, पलंगाखाली, जमिनीपासून वीटभर उंच.

ज्या रबरी ल्यूरमध्ये बडीशेपेचं तेल किंवा सुकटीची पूड घातली आहे ते उंदराला जेवण वाटतं. अशांच्या पिशव्या कडक झाकणाच्या डब्यात आणि डबे लोखंडी पेटीत. मिठाची पूड घातलेल्या ल्यूरमध्ये गळ अडकवून कधीही ठेवू नका, पावसाळ्याआधीच गंज येईल.

पायरी ७: ओल

सिलिका जेल घ्या, रंग बदलणारं. निळं असेल तर ओल शोषल्यावर गुलाबी होतं, नारिंगी असेल तर बहुतेक वेळा हिरवट. शक्यतो नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते पोरांच्या हाती लागणं बरं नाही. रंग बदलला की दाणे पुडीतून काढून, खाण्याला न वापरायच्या जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर परतले की पुन्हा मूळ रंग येतो. तांदळाची पुरचुंडी ठेवायचा जुना उपाय सांगतात. तांदूळ ओल फार कमी ओढतो आणि वर टोके होतात ते वेगळेच.

सिलिका फक्त हवाबंद डब्यात उपयोगी. सैल झाकणाच्या डब्यात ती साऱ्या घराची ओल ओढत बसते.

पायरी ८: चिठ्ठी

शंभर ल्यूरांत कुठला तळाला जातो आणि कुठला वर तरंगतो हे डोक्यात राहत नाही. प्रत्येक पिशवीत कागदाची चिठ्ठी टाका आणि ती पेन्सिलने लिहा. मार्कर आणि जेलपेनची शाई प्लास्टिसायझर खाऊन टाकतो, पेन्सिल टिकते. चिठ्ठीवर बनवल्याचा महिना, वजन ग्रॅममध्ये, तरंगतो की बुडतो, आणि कुठला रंग किती टाकला ते. प्रत्येक घाण्यातला एक चांगला ल्यूर नमुना म्हणून बाजूला ठेवा, तो कधीच पाण्यात न्यायचा नाही. पुढचा साचा त्याच्यावरून करायचा असतो.

पाण्यावरून परत आल्यावर

वापरलेला ल्यूर थेट मूळ डब्यात टाकायचा नाही. सोबत एक वेगळा, झाकणाला भोकं पाडलेला ओला डबा ठेवा. घरी आल्यावर नळाच्या पाण्याने धुवा, आणि बोअरचं पाणी जड असेल तर लगेच फडक्याने पुसा, नाहीतर पांढरे डाग राहतात. मग रात्रभर तारेवर टांगा. लाकडी माशावर दाताची खूण दिसली तर बोट फिरवून बघा. खोल असेल तर आत पाणी गेलंय, तो आठवडाभर वाळवून, इपॉक्सीचा थेंब भरूनच परत क्रेटमध्ये जाईल.

पेटी कधी उघडून बघायची

वर्षातून तीनदा पुरतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, उन्हाची खरी धग लागते तेव्हा, रबर आणि फोम बघा: चिकटलंय का, आकसलंय का. श्रावणात कानबाईच्या सणावेळी घर झाडलं-पुसलं जातंच, तेव्हा गळ, पिसं आणि सिलिका. दिवाळीच्या आवराआवरीत सगळंच बाहेर काढा, कारण पाणी निवळतं आणि तिथून पुढे पेटी वारंवार उघडणार असते.

निकामी झालेले ल्यूर धरणात टाकू नका, मासे आणि कासवं ते गिळतात आणि ते पोटात तसेच राहतात. प्लास्टिसॉलचे तुकडे रंगाप्रमाणे बरणीत साठवा आणि पुन्हा वितळवून ओता. काळ्यात सगळे रंग खपतात. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मंद आचेवर करा. पिवळं पडून धूर यायला लागला तर आच जास्त झाली, त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गॅस बंद करा आणि बाजूला व्हा. रबरी ल्यूर शेकोटीत टाकायचे नाहीत, ते याच कारणासाठी.